मी सरकवलेला बांध

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी माझ्या रंगांच्या पिशवीतून अजून भाताची कुसळं निघतात. परवा दुकानात एका आजोबांना खोकल्याचं औषध देताना बोटात एक टोचलं, तर तेच मला म्हणाले, "बाई, आधी तुमचं तुम्ही काहीतरी लावा." आमचं बार्शीत औषधांचं दुकान आहे. बार्शीत ज्वारीचं कुसळ टोचलं तर कुणी विचारत नाही. भाताचं कुठून आलं, हे सांगायचं तर सगळा प्रवासच सांगावा लागतो.

गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळची एसटी पकडून मी सोलापूरला जलरंग शिकायला जाते. त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, त्यामुळे वर्गात मागेपुढे कॉलेजची मुलं आणि मधे मी, सगळ्यांची काकू. दिवाळीनंतर वर्गाचं प्रदर्शन ठरलं, प्रत्येकाचं एकच चित्र. सरांनी माझा गठ्ठा चाळला. केरळातल्या होड्या, काश्मीरची झाडं, युरोपातला कुठलासा पूल. सगळं कॅलेंडरवरून नाहीतर मोबाइलवरून उतरवलेलं. सर म्हणाले, "हात सुबक झालाय तुमचा. पण यातलं तुम्ही काहीच बघितलेलं नाही. जागेवर बसून केलेलं एक तरी चित्र आणा, भिंत तुमची. नाहीतर यंदा तुमचं नाव राहू दे."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

वर्गातली सुरेखा माझी मैत्रीण. तिची थोरली बहीण मंदाताई लग्न होऊन कर्जतकडे गेली, त्याला पंचवीस वर्षं झाली. सुरेखा म्हणाली, "आत्ता भात पिकलंय तिकडं. आठवडाभर जाऊन ये, डोळे निवतील." नवऱ्याला सांगितलं, तर तो गोळ्यांच्या पाकिटांवरून मान वर न करता म्हणाला, "जा. फक्त येताना कॅलेंडरवरचं चित्र आणू नको, ते आपल्याकडं आहे." मी साठवून ठेवलेले चांगल्या जाड सुती कागदाचे चार ताव घेतले आणि निघाले. मंदाताईच्या गावाचं नाव इथे सांगत नाही. का, ते पुढे कळेलच.

घाटात

लोणावळा सोडलं की गाडी घाट उतरायला लागते, आणि ब्रेक तपासायला ठाकुरवाडीला थांबते. तिथे कुणी चढत नाही, उतरत नाही. समोर एकदम दरी, पलीकडे डोंगराची भिंत आणि तिच्यावर पावसाळ्यातून उरलेली पाण्याची एक बारीक रेघ. मी झटकन वही काढली. डोंगराची अर्धी कड झाली आणि गाडी हलली. समोरच्या बाकावर सोलापूरचे एक काका होते. ते वहीत डोकावून म्हणाले, "एवढाच डोंगर? बाकीचा कुठंय?"

"गाडीनं नेला," मी म्हटलं.

त्यांनी सहानुभूतीने मला मूठभर शेंगा दिल्या. जागेवर बसून केलेलं माझं पहिलं चित्र म्हणजे तो अर्धा डोंगर आणि त्यावर शेंगांचं एक टरफल.

कर्जतला उतरवून घ्यायला मंदाताईचे चुलत दीर आले होते, दत्ताभाऊ. खालापूरकडच्या एका कारखान्यात पाळीवर जातात, घरचा टेंपो आहे, आणि कापणी लागली की दोन्ही सोडून शेतात उतरतात. माझी पिशवी त्यांनी आधी खांद्याला अडकवली आणि मग विचारलं, "तुमीच ना चित्रवाल्या ताई?" आणि लगेच, "वडा खाल्ल्याबिगर कर्जतला उतरलं असं आमी धरीत नाय." दोन वडे खाल्ले. तिखट होते. भाऊंनी स्वतः तीन खाल्ले आणि मला म्हणाले, घरी सांगू नका, शुगर हाय. ओळख होऊन दहा मिनिटं झाली होती आणि आमच्यात एक गुपित तयार झालं होतं.

दोन घरं, एक अंगण

मंदाताईचं घर आणि दत्ताभाऊंचं घर भिंतीला भिंत लावून, पुढे अंगण एकच. सकाळी इकडचं कालवण तिकडे जातं आणि वाटी रिकामी परत येत नाही. मंदाताई माझ्याशी बार्शीचं बोलते आणि मान वळवून अंगणातल्या माणसाशी हाय-नाय सुरू करते, मधे श्वासही घेत नाही. तिचे यजमान बबनराव. सुरेखाचे दाजी म्हणून माझेही दाजी. माणूस अबोल, पण ओठांच्या कोपऱ्यात कायम काहीतरी दाबून धरलेलं. मुलगी प्रणाली कर्जतला कॉलेजात जाते आणि मोबाइल हा तिच्या हाताचाच भाग आहे.

पहिल्या दिवशी तांदळाच्या भाकरीने माझी फजिती केली. आमच्याकडे पीठ मळायचं आणि थापायचं. इथे आधी उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची. मी हौसेने हात घातला आणि ओय करून काढला. मंदाताई म्हणाली, "मीपण पहिलं वर्षभर रडलेय याच्यापायी. खा गपचिप." सोबत वालाचं बिरडं आणि सुकट. भाकरी पांढरीशुभ्र आणि मऊ. ज्वारीच्या भाकरीशी बेइमानी झाल्यासारखं वाटलं, पण तीन खाल्ल्या.

दुसरी फजिती कागदावर झाली. आमच्या हवेत रंगाचा हात मारला, की कुंचला उचलायच्या आत तो वाळतो. तीन वर्षं मी त्या घाईतच शिकले. इथे सकाळी ओट्यावर बसून समोरच्या डोंगराचा पहिला हात दिला, सवयीने दोन मिनिटांनी त्यावर झाडं काढली, आणि झाडं निवांत पसरत डोंगरभर झाली. कागद ओलाच! ही हवाच पाण्याची. पंधरा मिनिटांनी बोट लावून पाहिलं, तरी ओला. दाजी शेताकडे निघाले होते. ते थांबले, चित्राकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वणवा लागलाय जनू." पहिला ताव गेला.

माथेरानचं माकड

दुसरा ताव माथेरानात गेला. प्रणालीला घेऊन मी दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीने गेले, पुढे तांबड्या धुळीतून चालत. गाड्या नाहीत म्हणून इतकी शांतता असते, हे ऐकून होते. घोड्यांच्या टापा आणि हातरिक्षाचं चाक वाजतं तेवढंच. एका पॉइंटवर झाडाखाली बसले. या वेळी ठरवलं होतं, वाट बघायची. आकाशाचा हात दिला आणि हाताची घडी घालून बसले. माझा धीर बघून एक माकड प्रसन्न झालं असावं. ते आलं, पिशवीतून पिवळ्या मातीच्या रंगाची ट्यूब उचलली, चावली, आणि तोंडभर हळद लागल्यासारखं होऊन माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मीच त्याला फसवलं. मग ट्यूब कागदावर आपटून ते निघून गेलं.

शेजारी एक घोडेवाले उभे होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, आता त्याला पान चावायला दिलं तरी घेनार नाय." त्यांच्या घोड्याचं मी वहीत चित्र काढलं. त्यांनी ते बघितलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, "म्हैस चांगली काडलीय." पैसे न घेता त्यांनी मला पंधरा मिनिटं घोड्याचे गुडघे समजावून सांगितले, कुठला पुढे वाकतो आणि कुठला मागे. माझ्या सरांनी हे तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. एक खरं, आमच्या वर्गात घोडा कधी आलाच नव्हता.

चौथ्या दिवशी दत्ताभाऊ कामावर जाताना मला टेंपोतून त्यांच्या कारखान्याजवळच्या कुंभिवलीपर्यंत घेऊन गेले. एका चहाच्या टपरीवर बसवलं आणि टपरीवाल्याला बजावलं, "आमची पाव्हनी हाय, तिला ऊन लागू देऊ नको." हायवेवर ट्रकची रांग, मागे कारखान्यांच्या चिमण्या, आणि अगदी मधे पंक्चर काढणारा एक माणूस टायरवर वाकलेला. चांगला कागद काढायची हिंमत झाली नाही, वहीतच काढलं. माणसं काढायला मी नेहमी घाबरते, हात जमत नाहीत. म्हणून त्याची पाठच काढली. तो येऊन बघून म्हणाला, "पाठ माझीच हाय, शर्ट वळखला." संध्याकाळी भाऊंनी परत येताना ते पान बघितलं आणि टेंपो बाजूला घेऊन पुन्हा बघितलं. म्हणाले, "ताई, आता आमचं शेत काडा. उद्या-परवा कापनी हाय, मग नुसता पेंढा ऱ्हाईल."

आंबा

पाचव्या दिवशी सकाळी मी दोघांच्या शेतासमोरच्या कातळावर जाऊन बसले. डावीकडे दत्ताभाऊंचं शेत, उजवीकडे दाजींचं, मधे बांध आणि बांधावर जुना रायवळ आंबा. भात पिकून खाली झुकलेलं. मी आजवर पिवळा रंग ट्यूबमधून काढून सरळ लावत आले. इथे बघत बसले तेव्हा दिसलं, की त्या पिवळ्यात खाली हिरवं आहे, वर तांबूस आहे, आणि वारा आला की मधूनच रुपेरी होतं. कागद ओला असेपर्यंत मी गप्प बसायला शिकले होते. ओल्यावर एकदा, दमट असताना एकदा, पूर्ण वाळल्यावर एकदा असं काम केलं. तीन तास कसे गेले कळलं नाही. उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी चक्क एकटीच हसत होते.

ते चित्र खरोखर चांगलं झालं होतं. मला हे लिहायला संकोच वाटत नाही. तिसऱ्या तावावर पहिल्यांदा माझ्या हातून असं काही उतरलं होतं, जे कुठल्या कॅलेंडरवर नव्हतं. भिंत मिळाली, असं मी मनात म्हणून टाकलं.

एक बारीकशी गोष्ट केली होती. आंबा कागदाच्या बरोब्बर मधोमध येत होता. मुख्य गोष्ट मधोमध ठेवायची नाही, डाव्या किंवा उजव्या तिसऱ्या हिश्श्यावर घ्यायची, हा आमच्या वर्गातला पहिला धडा. म्हणून मी आंबा जरा डावीकडे घेतला आणि आंब्याबरोबर बांधही. चित्र लगेच मोकळं झालं.

ओट्यावर वाळत ठेवलं. मंदाताईने तोंडावर हात ठेवला. दाजी आले, खाली बसून बघितलं आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातलं ते दाबलेलं हसू या वेळी बाहेर आलं. "लय भारी. माझं शेत एवढं मोठं हाय, हे मलाच म्हाईत नव्हतं." मला वाटलं, कौतुक चाललंय. प्रणालीने फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला लावला. जेवणं व्हायच्या आत सगळ्या गावाने बघितला.

संध्याकाळी दत्ताभाऊ कामावरून आले ते कपडे न बदलता थेट अंगणात उभे राहिले.

"दादा, बांध कुटं गेला?"

मी हसत बाहेर आले. मला वाटलं थट्टा आहे.

"ताईंनी चित्र झकास काडलंय, त्यात वाद नाय," दत्ताभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "पन माजं शेत पट्टीएवढं केलंय. कंपनीत पोरं इचारतात, दत्ता, बांध इकलास काय रं? पाव्हनीला काय म्हाईत? तिला कुनीतरी सांगितलं आसंल."

"मी नाय सांगितलं," दाजी म्हणाले.

"मग उद्याची कापनी बी तुमची तुमी करा." आणि ते आपल्या घरात गेले. त्या दिवशी वाटी आली नाही, गेली नाही.

तेव्हा मंदाताईने मला सांगितलं. या बांधावरून दोन्ही घरं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. एकाच अंगणात दोन तुळशी होत्या. शेवटी सरकारी मोजणी झाली आणि हद्दीचा दगड नेमका आंब्याच्या बुंध्याशी आला. आंबा ना याचा, ना त्याचा. तेव्हापासून दर उन्हाळ्यात दोघे भाऊ झाडाखाली बसून आंबे निम्मे-निम्मे वाटून घेतात, आणि कापणी सावडीने होते, एक दिवस यांच्या शेतात सगळे, एक दिवस त्यांच्या. म्हणजे मी जे झाड चित्र मोकळं दिसावं म्हणून बोटभर सरकवलं, ते झाड म्हणजेच त्यांचा सलोखा होता. शेतकऱ्याच्या पोटची पोर असते तर हे माझ्या आधी ध्यानात आलं असतं. बार्शीत बांधावरून डोकी फुटलेली माणसं आमच्याच दुकानात मलमपट्टीचं सामान घ्यायला येतात, आणि मला काही सुचू नये!

मंदाताई मग दाजींकडे वळली. "तुमाला सकाळीच दिसलं व्हतं ना? मग बोलला का नाय?"

दाजींनी पंच्याचं टोक चाचपलं. "बरं वाटलं बगायला," एवढंच म्हणाले.

"सातबारा बी कागदच हाय"

मी शेजारच्या घरात गेले. शोभावहिनींनी, म्हणजे दत्ताभाऊंच्या मंडळींनी, चहा ठेवला, पण चेहरा बंद होता. भाऊ पाटावर बसले होते.

"भाऊ, चित्रात झाडं सरकवतात," मी म्हटलं. "तो नियमच आहे. चित्र म्हणजे काही मोजणीचा नकाशा नव्हे. कागदावरचंच तर आहे ते."

"ताई, सातबारा बी कागदच हाय," भाऊ म्हणाले. रागाने नाही, समजावून सांगावं तसं. "तुमी जाल. ते चित्र भिंतीवर लागंल, फोटो फिरंल. धा वर्सांनी कुनी पोरगा म्हनंल, बगा, जुन्या चित्रात बांध इकडं हाय. तवा मी कुटं शोदू तुमाला?"

मी ज्याला नुसतं चित्र म्हणत होते, त्याला हा माणूस माझ्यापेक्षा जास्त किंमत देत होता. त्याच्या लेखी मी काढलेलं खरं धरलं जाणार होतं. तीन वर्षांत माझ्या चित्रावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता, आणि टाकला तो असा.

आणि तरीही ते चित्र टाकून द्यायला मी तयार नव्हते. परवा मला परतायचं होतं. माझ्याकडे एकच ताव उरला होता. त्या चित्राइतकं चांगलं पुन्हा होईल याची काहीच खात्री नव्हती, आणि जलरंगात चुकलेलं झाड उचलून परत जागेवर ठेवता येत नाही.

"मी पुन्हा काढते," मी म्हटलं. "आहे तसं. तुम्ही शेजारी उभं राहून बघा. बोटभर इकडंतिकडं झालं तर तिथल्या तिथं सांगा."

भाऊंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "उद्या कापनी हाय."

"किती वाजता?"

"दव सुकलं की. ओल्या भाताला इळा लावीत नाय." कप खाली ठेवत म्हणाले, "येतो. पन दादा बी हवा. मागनं तो म्हनायचा, दत्तानं काडून घेतलं."

दव सुकेपर्यंत

सात वाजता आम्ही तिघं कातळावर होतो. धुकं उठत होतं, भातावर दव, माझ्या हातात शेवटचा ताव, आणि दोन्ही खांद्यांमागे एकेक भाऊ, एकमेकांशी अबोला धरून. माझ्यामार्फत बोलणं सुरू झालं.

"ताई, दादाला सांगा, बांध उतरताना जरा वाकडा हाय."

"ताई, त्याला म्हनावं, वाकडा त्याच्या बाजूनं हाय, माझ्या नाय."

पेन्सिलीने आंबा मधोमध काढला. हात आपोआप डावीकडे जात होता. मी त्याला धरून आणला. पहिला हात दिला आणि वाट बघत बसले. दव असल्यामुळे कागद काही केल्या वाळेना. रिकामं बसवेना, म्हणून म्हटलं, "मला बांधाची रुंदी कळत नाही. तुम्ही दोघं जाऊन आंब्याजवळ उभे राहाल का? माणसावरून अंदाज येतो."

ते गेले. झाडाच्या या अंगाला दाजी, त्या अंगाला भाऊ, दोघं छातीवर हात बांधून, माझ्याकडे तोंड करून, रेशनकार्डाच्या फोटोला उभे राहावेत तसे. मी रंग भरत होते. सकाळच्या त्या शांततेत आवाज स्पष्ट येत होते. मग दाजी समोर बघतच म्हणाले,

"दिसलं व्हतं रं मला."

"काय?"

"बांध सरकलेला. सकाळीच दिसलं. बरं वाटलं, म्हनून गप बसलो."

मला वाटलं, आता हे भांडणार. माझा कुंचला हवेतच थांबला. दत्ताभाऊंनी हाताची घडी सोडली, पायाने बांधावरची माती उकरली.

"तिनं तुमच्याकडं सरकवला आसता," ते म्हणाले, "तर मी बी गपच बसलो आसतो."

आणि दोघंही हसायला लागले. दाजी असे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले, पूर्ण वाकून, एक हात आंब्याच्या बुंध्यावर टेकून. दुसऱ्या बाजूने भाऊंचाही हात तिथेच. मी काही विचार न करता त्यांना काढायला लागले. हात जमत नाहीत हे आठवायला वेळच नव्हता. दाजींचा पाय आखूड झाला, भाऊंचं डोकं मोठं झालं, पण हात बुंध्यावर टेकले. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला ते पुसताही येत नव्हतं, कारण दोन्ही हात रंगांनी भरलेले.

साडेनऊला मंदाताई, शोभावहिनी, प्रणाली सगळ्या विळे घेऊन आल्या. दव सुकलं होतं. दत्ताभाऊंनी चित्र दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं, आणि बोट लावायचं टाळून हवेतूनच बांध मोजला. "बरोबर हाय," ते म्हणाले. दाजींनी बघितलं. "माझा पाय एवढा हाय काय गं?" त्यांनी मंदाताईला विचारलं. ती म्हणाली, "पाय सोडा, शेत तेवढंच हाय."

मग मीही विळा मागितला. एक ओळ कापायला मला जितका वेळ लागला तितक्यात प्रणालीने मोबाइल सांभाळत तीन कापल्या. पण ती कुसळं तेव्हाची. दुपारी बांधावर आंब्याखाली सगळे एकत्र जेवलो, आणि कुठलं कालवण कुणाच्या घरचं हे विचारायची सोय उरली नव्हती.

निघताना दाजी शेताच्या पहिल्या चित्राकडे बघत म्हणाले, "ते फाडू नका. चांगलं झालंय. पन हितं बी ठेवू नका."

सोलापूर

रविवारी मी दोन्ही चित्रं सरांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही बघितली. मग त्यांनी पहिलं उचललं.

"हे तुम्ही जागेवर केलंत?"

"हो."

"तीन वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम आहे हे. हे लावू." दुसऱ्यावर त्यांनी नुसतं बोट टेकवलं. "यात झाड मधोमध येऊन कागदाचे दोन तुकडे झालेत. माणसांची मापं चुकलीत. रंग मात्र स्वच्छ आहेत."

त्यांचं सगळं बरोबर होतं. मी त्यांना बांधाची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "अहो, पण इथं सोलापुरात कुणाला माहीत आहे तो बांध कुठं आहे ते?"

आजवर सरांनी सांगितलं आणि मी केलं नाही, असं एकदाही झालेलं नव्हतं.

"मला माहीत आहे, सर."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग पहिलं चित्र त्यांनी स्वतःच माझ्या पिशवीत घातलं, आणि यादीत माझ्या नावापुढे दुसरं लिहिलं.

प्रदर्शन चार दिवस चाललं. माझ्या चित्रापुढे फारसं कुणी थांबलं नाही. शेजारी एका मुलाने गुलाब काढले होते, गर्दी तिथे. नवरा दुकान बंद ठेवून आला, तो मात्र थांबला. खाली पाटीवर छापलेलं माझं नाव त्याने मोठ्याने वाचलं. ते नाव मी याआधी कितीतरी होड्यांखाली आणि पुलांखाली घातलं होतं, आणि दर वेळी कुणीतरी येऊन 'हे कुठलं?' असं विचारेल की काय, अशी धाकधूक असायची. त्या दिवशी कुणी विचारलंच असतं, तर त्या झाडाच्या दोन्ही बाजूंची माणसं मी नावानिशी सांगितली असती.